चारच्या आत मुक्काम

मेलबर्नहून उलुरूला, ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या त्या मोठ्या तांबड्या खडकाकडे, गाडीने जायचं ठरलं तेव्हा ओळखीतल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: विमान तीन तासांत पोचवतं, मग एवढा खटाटोप कशाला? आम्हाला मधलं बघायचं होतं म्हणून. मुलं इथेच जन्मली, ऑस्ट्रेलियाच्या नकाशात मधली तांबडी जागा रोज शाळेच्या भिंतीवर बघतात, आणि आमच्या सुट्ट्या मात्र सगळ्या समुद्राच्या कडेकडेने जातात. शिवाय सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. आप्पांची सगळी नोकरी एस.टी.त ड्रायव्हर म्हणून झाली: सातारा-महाबळेश्वर, सातारा-पाटण-कोयनानगर, वर्षानुवर्षं घाट. त्यांना मॉल दाखवण्यापेक्षा रस्ता दाखवावा, असं मला मनापासून वाटत होतं.

जायचं एका बाजूचं अंतर सुमारे २३०० किलोमीटर. साताऱ्याहून दिल्ली गाठून पुढे श्रीनगरपर्यंत जावं, तेवढं. फरक इतकाच की पोर्ट ऑगस्टा सोडल्यावर उलुरूपर्यंत गाव म्हणावं असं एकच लागतं, कूबर पेडी, आणि त्याचीही वस्ती दोन हजारांच्या आत. बाकी सगळी रोडहाऊसं: डिझेल, चहा, पंक्चर आणि मागच्या अंगणात तंबूला जागा.

आप्पांनी तयारीत पहिल्यांदा मागितला तो कागदी नकाशा. फोनवरचा त्यांना चालेना. जेवणाच्या टेबलावर तो पसरून त्यांनी प्रत्येक डिझेल पंपावर पेन्सिलीने गोल केला, दोन गोलांमधलं अंतर लिहिलं, आणि मग मला विचारलं, "जुलैत तिकडं दिस कधी मावळतो?" मी शोधून सांगितलं, पावणेसहा ते सहाच्या सुमारास. त्यावर ते म्हणाले, "मग चारच्या आत मुक्काम. पाचला नाही, चारला. चाक थांबलेलं पायजे."

कारण कांगारू. ते दिवसभर सावलीत पडून असतात आणि उन्हं उतरली की चरायला बाहेर पडतात, रस्त्याच्या कडेला, कारण डांबरावरून ओघळलेल्या पाण्यावर तिथे गवत जास्त उगवतं. दिव्याच्या झोतात गोंधळून ते पळायच्या ऐवजी गाडीसमोर उडी घेतात. इथले लोकही हेच सांगतात आणि गाडी भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचा विमा अशा भागात रात्रीच्या अपघाताला लागू होत नाही. पण आप्पांनी हा नियम इथल्या माहितीपत्रकात वाचून केला नव्हता. तिन्हीसांजेला घाटात नजर फसते, ही त्यांची पस्तीस वर्षांची कमाई होती. आमचा सगळा प्रवास पुढे त्या एका नियमाभोवती बांधला गेला, आणि प्रवासात जे जे चांगलं घडलं ते बहुतेक चारनंतर घडलं.

तयारीचं थोडं सांगते, कारण ज्यांना जायचंय त्यांना तेच उपयोगी पडेल. तंबू उघडून बिछाना होतो असा कॅम्पर ट्रेलर आम्ही भाड्याने घेतला आणि आधी ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांत शनिवार-रविवार जाऊन तो उघडायची, मिटायची, रिव्हर्स घ्यायची सवय करून घेतली. पाणी माणशी दिवसाला किमान पाच लीटर धरलं आणि त्यावर दोन दिवसांचं जादा. दोन स्टेपनी. वीस लीटर डिझेलचा कॅन. फोनची रेंज गावं आणि मोठी रोडहाऊसं सोडली की जाते, म्हणून उपग्रहाला संकेत पाठवणारा छोटा बीकन आणि गाडीत दुसऱ्या गाड्यांशी बोलायला यूएचएफ रेडिओ. खाण्यात थालीपिठाची भाजणी, पिठल्याचं पीठ, मेतकूट, मूगडाळ, तांदूळ, तीन लीटरचा कुकर. कुकर नेलाच पाहिजे, पाणी आणि गॅस दोन्ही वाचतं.

फळं मात्र नेऊ नयेत. साउथ ऑस्ट्रेलियात फळमाशीचा प्रादुर्भाव होऊ नये म्हणून दुसऱ्या राज्यातून फळं न्यायला बंदी आहे, आणि टोमॅटो, मिरच्याही त्यातच येतात. हद्दीच्या आधी टाकून द्यायला पेट्या ठेवलेल्या असतात. आम्ही घरूनच काही घेतलं नाही, ॲडलेडला मंडईत हिरव्या मिरच्या घेतल्या आणि तिथल्या कॅम्पग्राउंडच्या स्वयंपाकघरात ठेचा केला. तो उलुरूपर्यंत पुरला.

पोर्ट ऑगस्टाला स्टुअर्ट हायवे सुरू होतो, तो थेट डार्विनपर्यंत. जॉन मॅकडुअल स्टुअर्ट १८६१-६२ मध्ये दक्षिणेकडून उत्तर किनाऱ्यापर्यंत गेला, त्याच्या वाटेच्या आसपास १८७२ मध्ये तारेची लाइन पूर्ण झाली आणि पुढे रस्ताही साधारण त्याच अंगाने आला. पाणी कुठे मिळतं हे त्या माणसाला कळलं म्हणून हे सगळं इथून जातं. शहर मागे पडल्यावर अर्ध्या तासात झाडं गुडघ्याइतकी झाली, मग राखाडी सॉल्टबुश, मग माती तांबडी, आणखी तांबडी. आणि रस्ता सरळ.

हा सरळपणा आप्पांना पहिल्या दिवशी अजिबात रुचला नाही. "वळण असलं की डोळा जागा राहतो. हितं माणूस उघड्या डोळ्यांनी झोपंल," असं म्हणून त्यांनी दुसरा नियम घातला. दर दोन तासांनी गाडी थांबवायची, सगळ्यांनी उतरायचं, मी आणि नवरा यांनी जागा बदलायच्या. ते स्वतः खाली उतरून एकेका टायरला हाताची पालथी बाजू लावत. ट्रेलरची चारही नट-बोल्टं बघत, मग हब. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर बेअरिंगमध्ये काहीतरी आहे किंवा हवा कमी आहे. पालथी बाजू का, तर तळहाताच्या कातडीला घट्टे असतात, ऊन-गरम नीट कळत नाही. धाकटा दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मागोमाग हात लावत फिरायला लागला, आणि परतीच्या वाटेवर ट्रेलरचं डावं चाक तापलंय हे त्यानेच पहिल्यांदा सांगितलं. हवा कमी होती. झडपेतून बारीक गळत होती.

मग रोडट्रेन. पुढे ओढणारा एक दणकट ट्रक आणि त्यामागे तीन-तीन, चार-चार डबे, लांबी साडेत्रेपन्न मीटरपर्यंत. आपल्या एस.टी.च्या साडेचार गाड्या एकापुढे एक लावल्या तर तेवढी होईल. समोरून आली की वाऱ्याचा धक्का ट्रेलरला जाणवतो. ओलांडायची तर समोरचा किलोमीटर-दीड किलोमीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. इथे रेडिओ कामी येतो. हायवेवरचे ट्रकवाले चॅनल ४० वर असतात. नवऱ्याने मागून विचारलं की आम्ही ट्रेलरसकट मागे आहोत, पुढे येऊ का. पलीकडून शांत आवाज आला, थांबा, समोरून एक कॅरव्हॅन येतेय, ती गेली की सांगतो. ती गेली, त्याने सांगितलं, आम्ही पुढे गेलो. आप्पांनी मला त्या वाक्यांचा अर्थ विचारून घेतला आणि म्हणाले, "चांगला ड्रायव्हर आहे. मागच्याची काळजी घेतोय." दुपारभर ते त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल बोलत होते.

कूबर पेडीच्या अलीकडे सुमारे अडीचशे किलोमीटर मध्ये ना पंप ना घर. त्याच पट्ट्यात रस्त्यावर एका ठिकाणी पांढरे आडवे जाड पट्टे रंगवलेले दिसले, आणि शेजारी विमानाचं चित्र असलेली पाटी. फ्लाइंग डॉक्टरचं, म्हणजे दूरवरच्या रुग्णांपर्यंत डॉक्टर नेणारं विमान गरज पडली तर इथे हायवेवरच उतरतं. ही सेवा १९२८ पासून चालू आहे, जॉन फ्लिन नावाच्या धर्मोपदेशकाने उभी केली. आम्ही बाजूला थांबून मुलांना ते समजावत होतो. आप्पा गप्प होते. मग त्यांनी सांगितलं की एकदा पावसाळ्यात पाटणच्या बाजूने येताना एक अडलेली बाई गाडीत बसवली होती, मधले सगळे थांबे सोडून त्यांनी एस.टी. सरळ दवाखान्याच्या दारात नेली. एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही. नवऱ्यानेही ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. सरळ रस्त्यावर बसल्या बसल्या माणसं अशी बोलायला लागतात.

लेक हार्टला मीठ बघायला थांबलो, पांढऱ्या तळ्याच्या कडेने रेल्वेचा रूळ जातो. ॲडलेड ते डार्विन जाणारी 'घान' याच मार्गाने धावते. तिचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते उंटवाले 'अफगाण' म्हणून ओळखले गेले, पण त्यांतले कितीतरी आजच्या पाकिस्तानातल्या आणि वायव्य हिंदुस्थानातल्या भागांतून आले होते, आणि उंट कराचीहून जहाजात चढत. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. म्हणजे या वाळवंटात लोकर, रूळ, तारेचे खांब ज्यांनी पाठीवरून वाहिले त्या माणसांची आणि जनावरांची वाट आपल्याच इलाख्यातल्या बंदरातून निघालेली. इथल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांच्यावर फार ओळी नसतात. मला वाटतं, असायला हव्यात.

कूबर पेडीला १९१५ मध्ये ओपल हे रत्न सापडलं, एका चौदा वर्षांच्या मुलाला, बाप पाणी नि सोनं शोधत होता तेव्हा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो म्हणून लोक टेकडीच्या पोटात घरं कोरून राहतात, आत बाराही महिने साधारण तेवीस ते पंचवीस अंश. जमिनीखालचं सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च अवश्य बघा. भिंतींवर खोदकाम यंत्राच्या दातांच्या लाटा तशाच ठेवल्यात, पिवळसर-गुलाबी दगडात, आणि त्यावर मेणबत्तीचा उजेड. गावाबाहेर खाणींच्या भागात पाट्या आहेत: पळू नका, उलटं चालू नका. फोटो काढायला मागे मागे सरकणारा माणूस सरळ खाणीच्या खोल उभ्या खड्ड्यात जातो, म्हणून. मुलांचे हात आम्ही तिथे सोडले नाहीत. ओपल मात्र खाणीतून काढून टाकलेल्या मुरुमात, लोकांना वेचायला परवानगी आहे तिथेच शोधलं. लेकीला नखाएवढा तुकडा मिळाला, ओला केल्यावर हिरवी झाक दिसणारा.

मार्लाच्या रोडहाऊसला मात्र घरात वाद झाला. साडेतीनला पोचलो होतो. पुढचा पंप सुमारे १८० किलोमीटरवर, नॉर्दर्न टेरिटरीच्या हद्दीत. नवऱ्याचं म्हणणं, अजून उजेड आहे, पावणेदोन तासांत होईल, उद्याचा वेळ वाचेल. आप्पा काही बोलले नाहीत, नुसते खाली उतरून ट्रेलरची खुंटी सोडवायला लागले. त्या संध्याकाळी मुलांनी शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या निवृत्त जोडप्याबरोबर पत्ते खेळले, आप्पांनी कुकर लावला, मी दोन तास नुसती खुर्चीत बसले. घरी मी दोन तास नुसती बसल्याचं मला आठवत नाही. सकाळी त्याच पट्ट्यात रस्त्याकडेला रात्री मेलेले कांगारू जागोजागी दिसले, आणि त्यांवर बसलेले पाचरीसारख्या शेपटीचे मोठे गरुड. पोट भरलेला गरुड पटकन उडू शकत नाही, काचेवर येऊ शकतो, म्हणून तिथे गाडी अगदी हळू घ्यायची. नवऱ्याने त्यानंतर वेळेचा विषय काढला नाही.

अर्लडुंडाला वळलं की उलुरू अडीचशे किलोमीटरवर. मध्ये कर्टिन स्प्रिंग्ज नावाचं कॅटल स्टेशन, म्हणजे गुरं पाळायचं रान आहे, दहा लाख एकरांचं, म्हणजे चार हजार चौरस किलोमीटरच्या वर, आणि एका कुटुंबाचं. सातारा जिल्ह्याचा जवळजवळ चाळीस टक्के भाग झाला. वाटेत सपाट माथ्याचा माउंट कॉनर दिसतो आणि पहिल्यांदा येणारे सगळे त्यालाच उलुरू समजून ओरडतात. मुलंही ओरडली.

तिथे तंबू टाकला ती अमावास्येच्या आसपासची रात्र होती. थंडी अशी की सकाळी बाहेर राहिलेल्या पातेल्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा. पण रात्री नऊच्या सुमारास आप्पांनी आम्हाला बाहेर बोलावलं. "विंचू बघा कुठं आलाय." साताऱ्याला वृश्चिक दक्षिणेकडे कललेला दिसतो. इथे तो बरोबर डोक्यावर होता, ज्येष्ठा माथ्यावर आणि नांगी पसरलेली, अवघी आकाशगंगा त्याच्या अंगावरून वाहत. ध्रुव नाही, कारण तो क्षितिजाखाली. त्याच्या जागी दक्षिणेला त्रिशंकू. त्रिशंकूच्या शेजारी आकाशगंगेत एक काळा डाग आहे, आणि इथले अनेक आदिवासी समाज ताऱ्यांऐवजी त्या काळ्या जागांत एमू बघतात: डाग म्हणजे डोकं, पुढे मान, विंचवाच्या बाजूला धड. मी आप्पांना बोटाने दाखवलं. त्यांना लगेच दिसला, मला पहिल्यांदा दिसायला दहा मिनिटं लागली होती.

उलुरूबद्दल लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं, कारण ती जागा तिथल्या मूळच्या अनंगू लोकांची आहे आणि तिथे नुसतं बघणारे म्हणून आम्ही गेलो होतो. १९८५ च्या २६ ऑक्टोबरला ती जमीन कायद्याने त्यांना परत मिळाली, त्यांनी ती राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या कराराने दिली. खडकावर चढू नका, असं ते कित्येक वर्षं सांगत होते. २०१९ मध्ये, त्याच तारखेला, चढणं कायमचं बंद झालं. चढणाऱ्यांच्या आधाराची साखळी काढून टाकली तरी लाखो पावलांनी घासलेली फिकट रेघ अजून खडकावर दिसते. उंची ३४८ मीटर, आणि वर जाताना पस्तीसहून जास्त माणसं दगावली. वर शौचाची सोय नव्हती, सगळी घाण पावसात खालच्या पाणवठ्यांत उतरायची. हे वाचल्यावर माझ्या मनात काही प्रश्न उरला नाही.

चढायचं नाही, भोवती चालायचं. १०.६ किलोमीटर. सकाळी निघावं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जावं, असं उद्यानवाले सुचवतात. आप्पांना दिशा ऐकून समाधान वाटलं. "प्रदक्षिणाच की." आदल्या संध्याकाळी उलुरूशेजारच्या यलारा वसाहतीत फोनला रेंज आली होती आणि त्यांनी पालखीचे व्हिडिओ बघून घेतले होते. ज्ञानोबांची पालखी लोणंदला येण्याचेच ते दिवस, पुढे चांदोबाच्या लिंबाला रिंगण. गावी असते तर ते तिथे असते. त्या सकाळी त्यांनी डोक्याला टोपी घातली, पाण्याची बाटली खांद्याला अडकवली आणि आमच्या कोणाच्याही आधी चालायला लागले.

जवळून तो खडक गुळगुळीत नाही. पृष्ठभाग खवल्या-खवल्यांनी सुटलेला, बाहेरून गंजल्यामुळे तांबडा, आणि गुहेच्या आत जिथे ऊन-पाऊस पोचत नाही तिथे मूळचा राखाडी. पाणी वाहून पडलेल्या काळ्या रेघा वरपासून खालपर्यंत. काही भागांत पाट्या आहेत की इथे फोटो काढू नका, ही पवित्र जागा आहे, तिचं दर्शन तिथेच घ्यायचं असतं. लेकीने फोन पिशवीत टाकला तो मुटिजुलू पाणवठ्यापर्यंत काढलाच नाही. त्या पाणवठ्यापाशी कुनिया नावाच्या अजगर-स्त्रीची गोष्ट आहे. तिच्या भाच्याला लिरू या विषारी सापांनी मारलं, ती सूड घ्यायला आली, आणि त्या लढाईच्या खुणा कड्यावर आजही दाखवतात: वळवळत गेलेली काळी रेघ, वाराच्या भेगा. अनंगू मुलांना ही गोष्ट खडकाकडे बोट दाखवून शिकवली जाते. धाकट्याने विचारलं, ही खरी आहे का. आप्पा म्हणाले, "जागा हाये ना समोर? मग खरी."

सांस्कृतिक केंद्रात काही पत्रं आहेत. कुणी कधी इथून खडा उचलून नेला आणि वर्षांनी टपालाने परत पाठवला, माफी मागून. तिथे मी बराच वेळ उभी होते. मुलांनी त्यानंतर बुटांच्या तळव्यात अडकलेली माती बाहेर पडताना झटकली, मी सांगितलं नव्हतं.

काटा ज्यूटाला दुसऱ्या दिवशी गेलो, छत्तीस घुमट, मला ते उलुरूहून जास्त गूढ वाटले. किंग्ज कॅन्यनला रिम वॉकच्या सुरुवातीलाच पाचशेच्या आसपास पायऱ्यांची चढण आहे. आप्पा आणि मी खाली ओढ्याच्या वाटेने गेलो, बाकीचे वर. तिथल्या कॅम्पवर डिंगो तंबूंमधून निर्धास्त फिरतात, बूट आणि अन्न गाडीत बंद ठेवा. ॲलिस स्प्रिंग्जला १८७२ चं टेलिग्राफ स्टेशन पाहिलं आणि स्कूल ऑफ द एअर. शेकडो किलोमीटरवरच्या स्टेशनांवरची मुलं १९५१ पासून इथून शिकतात, आधी रेडिओवर, आता उपग्रहावरून. लेकीला कोविडच्या वेळची घरची शाळा आठवली आणि तिने तिथल्या बाईंना विचारलं, या मुलांना मित्र कसे मिळतात. वर्षातून काही वेळा सगळ्यांना ॲलिसला एकत्र आणतात, असं त्यांनी सांगितलं.

परतीला तोच रस्ता, तेच नियम. एका रोडट्रेनच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने काचेवर पावलीएवढा तारा उमटवला, मेलबर्नला पोचेपर्यंत तो वाढला नाही. तांबडी धूळ दाराच्या रबरांत आणि कुकरच्या शिट्टीतही शिरली होती, शिट्टी सुईने साफ करावी लागली.

आप्पा ऑगस्टमध्ये साताऱ्याला परतले आणि जाताना कागदी नकाशा घेऊन गेले. ॲलिस ते डार्विन सुमारे १५०० किलोमीटर उरलेत, त्यावरचे पंप त्यांनी तिकडे बसून गोल केलेत आणि फोनवर मला अंतरं लिहून घ्यायला लावलीत. उत्तरेला जुलैत गारठा नसतो. म्हणजे जाड रजया नेल्या नाहीत तर मागच्या पेटीत तेवढी जागा होते, आणि पाण्याचा तिसरा कॅन तिथे बसतो.